शीव न घातलेलं गाऱ्हाणं

१

हैबतीला तुडील गावाच्या वरच्या माळावर कुणी वाईट म्हणत नसे. ज्यांचे बांध त्याच्या बांधाला लागून होते ते तर मुळीच म्हणत नसत. त्यांना रोज त्याचं तोंड बघायचं असे.

तिसाच्या सालानंतर सरकारनं या माळावर विमान उतरायचं मैदान केलं होतं. मुंबईहून खाली दक्षिणेकडं जाणारं एखादं विमान वाटेत अडलं-नडलं, तर त्याला टेकायला जागा असावी, एवढाच त्याचा उपयोग. आजवर विमान उतरलं होतं एकदाच. त्यातला साहेब तांब्याभर पाणी पिऊन निघून गेला, आणि तो तांब्या कुणाच्या घरचा यावर गावात अजून भांडण होतं.

पण विमान येवो न येवो, मैदान राखावं लागे. गवत कापायचं, बैल जुंपून दगडी रूळ फिरवायचा, आणि कडेनं मांडलेल्या दगडांना चुना द्यायचा, म्हणजे वरून येणाऱ्याला मैदान कुठवर आहे ते दिसतं. मधोमध एक उंच खांब होता. त्याला कापडाची लांबलचक पिशवी बांधलेली असे, वारा शिरला की ती फुगून वाऱ्याची दिशा दाखवी. तिला सगळे बाही म्हणत, कारण ती दिसे तशीच, सदऱ्याची उसवून टांगलेली बाही.

या सगळ्या कामाचा मुकादम हैबती. न्याहारी झाली की तो पांढऱ्या दगडांच्या कडेकडेनं एक फेरी मारी. पश्चिमेच्या कडेला त्याची स्वतःची भातशेती आणि घर लागे. तिथं तो उगाच रेंगाळे, बायकोला, रखमाला, हाक मारून काहीतरी विचारी. पूर्वेच्या कडेला त्याच्या धाकट्या बहिणीचं, बनुबाईचं घर होतं. ती विधवा होऊन परत आली तेव्हा बापानं तिला ते घर आणि परसातला एक फणस दिला होता. तिचा मुलगा मुरारी मुंबईला गिरणीत होता. पूर्वेच्या कडेला हैबती भराभर चाले.

त्या वर्षी भात झोडून झाल्यावर महाडहून ओव्हरसियर गुप्ते आले. नवी विमानं जड असतात, त्यांना धावायला जास्त जागा लागते, मैदान वाढवायचं आहे, असं त्यांनी सांगितलं.

"पूर्वेला त्या बाईंच्या कुंपणापर्यंत जाऊ," गुप्ते म्हणाले. "घराला हात लावायचा नाही. तेवढ्यात भागलं तर ठीक. नाही भागलं, तर मुकादम, उरलेलं पश्चिमेला तुमच्या शेतातून घ्यावं लागेल."

"भागंल साहेब," हैबती म्हणाला. "पूर्वेलाच भागंल."

२

माळाला राखणदार देव आहे हे गुप्त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं कारणही नव्हतं. मजुरांना माहीत होतं. गाऱ्हाणं घातल्याशिवाय ते कुदळीला हात लावणार नव्हते. गाऱ्हाण्याचा मान हैबतीच्या घराण्याचा. तेव्हा एका सकाळी खांबाच्या बुडाशी नारळ ठेवून तो उभा राहिला आणि त्याच्यामागं मजूर हात जोडून, माना खाली घालून उभे राहिले.

गाऱ्हाणं म्हणजे काही मंत्र नव्हे. आपल्याच बोलीत देवाशी बोलायचं, आणि दर वाक्याला मागच्यांनी होकार भरायचा. मात्र एक रीत कुणी मोडत नाही. देवाकडं मागा नाही तर देवाला द्या, शेवटी शीव घालायची. इथपासून इथवर, पुढं नाय. पंगतीत जेवणारा पुरे म्हणतो. इथं पुरे हे वाढणाऱ्यानं म्हणायचं असतं.

"बा देवा म्हाराजा," हैबतीनं सुरुवात केली, "तुझी लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत."

"व्हय म्हाराजा."

"मैदान वाढवायचं हाय. माती हलंल, हत्यार लागंल, त्याचा दोष लेकरांवर ठेवू नको."

"व्हय म्हाराजा."

"पूर्वेच्या अंगाला वाढ. तुला हवं तेवढं घे."

"व्हय म्हाराजा."

आता म्हणायचं होतं, बनूच्या कुंपणापर्यंत, पुढं नाय. शब्द हैबतीच्या ओठांवर आले होते. पण एकदा कुंपणाशी शीव पडली, की मजूर तिथून एक पाऊल पुढं टाकणार नाहीत, गुप्त्यांनी फटके मारले तरी नाहीत. मग उरलेली जागा कुणाची जाणार? त्यानं तोंड मिटलं आणि नारळ उचलून दगडावर फोडला.

तेवढ्यात आणखी एक होकार आला. सगळ्यांचा होऊन गेल्यावर, एकट्याचा, पूर्वेकडून. व्हय म्हाराजा. आवाज मोठा नव्हता. ज्याला कसलीच घाई नाही अशा माणसाचा होता.

तिकडं कुणी नव्हतं. गवत होतं, पांढरे दगड होते आणि त्यापलीकडं बनूच्या घराची कौलं. हैबतीनं मनाशी म्हटलं, पडसाद असेल. पण पडसाद यायला समोर डोंगर लागतो, आणि तिकडं तर माळ उतरून सरळ सावित्रीच्या खोऱ्यात जात होता.

कुशाबा म्हणून एक म्हातारा मजूर होता, तो खोबऱ्याचा तुकडा घेताना हळूच म्हणाला, "शीव नाय घातलीस रे, हैबती."

"ऱ्हायली. इसरलो."

"मग आता घाल."

"नारळ फुटला आता. परत परत देवाला काय सांगायचं, पोर हाय का तो?" हैबती म्हणाला आणि मजुरांना कामाला लावून निघून गेला.

३

दोन-चार दिवस नेहमीसारखे गेले. मग एका सकाळी फेरी मारताना पूर्वेच्या कडेला हैबतीच्या पायाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. रोजच्या जागी दगड नव्हते. ते पुढं होते, ओळीत, एकही वाकडा नाही. काल मजुरांनी जिथवर खणलं होतं, त्याच्याही पुढं.

आधी त्याला बरं वाटलं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. कुशाबानंच लवकर येऊन दगड सरकवले असतील, तोंडानं कुरकुरतो पण कामाला वाघ आहे. पण दगड काही टोपल्या नव्हत्या. एकेक हलवायला दोन माणसं लागत. आणि वर्षानुवर्षं दगड जिथं बसलेला असतो, तिथं खाली पिवळं पडलेलं गवत आणि किड्यांची बिळं असतात. हैबतीनं जुन्या जागा शोधल्या. पिवळा डाग कुठंच नव्हता. तिथं दगड कधी नव्हताच, अशी जमीन होती.

मधला पट्टा रूळ फिरवल्यासारखा सपाट होता. त्यावरचं गवत मोडलं नव्हतं, उपटलंही नव्हतं. सगळं एकाच बाजूला निजलं होतं, पूर्वेकडं डोकं करून. त्यानं एका दगडावर बोट ठेवलं. चुना ओला होता, आणि चुन्याची पोती तर हैबतीच्या घरात कुलुपात होती.

मजुरांना विचारलं तर एकानंही हात लावला नव्हता. चेष्टा असेल, असं हैबतीनं ठरवलं. एखाद्यानं चेष्टा म्हणून रात्रभर राबून सरकारचं काम फुकट करावं, हे त्याला स्वतःलाही पटत नव्हतं, पण दुसरं काही पटवून घेण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुसऱ्या सकाळी दगड आणखी पुढं होते. तिसऱ्या दिवशी मजूर त्या पट्ट्यावर पाय ठेवीनात. कुशाबानं हैबतीला दंडाला धरून नेलं आणि म्हणाला, "कुदळ मार."

हैबतीनं कुदळ उचलून जोरात मारली. खाली कातळ होता. हाताला झिणझिण्या आल्या, ठिणगी उडाली. आवाज झाला नाही.

त्यानं वर पाहिलं. दुपार होती, वारा पडलेला होता, झाडाचं पानही हलत नव्हतं. खांबावरची बाही मात्र फुगून ताठ झाली होती आणि बनूच्या घराकडं रोखलेली होती.

४

बनुबाई स्वतःहून भावाच्या दारात येत नसे. त्या दिवशी आली, आणि ओसरीवर न बसता खाली अंगणातच उभी राहिली.

"दादा, दगड माझ्या कुंपणाच्या आत आलं."

"सरकारचं काम हाय, बने. मी काय करू?"

"सरकारची माणसं दिसली असती तर मी त्यांना बोलली असती." तिनं पदर खांद्यावर ओढला. "कोंबडा आरवतो, तर चोच उघडलेली दिसते, आवाज नाय. परसात धुणं आपटलं तर नाय. मी फणसाखाली उभी राहून माझं नाव घेऊन बघितलं, मला माझंच ऐकू आलं नाय. कुशाबा म्हनाला, तू शीव नाय घातलीस."

"कुशाबाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला."

"मग घातलीस का?"

आतून रखमा बाहेर आली होती. ती दाराला टेकून नवऱ्याकडं बघत राहिली.

"तू काही दिवस मुरारीकडं मुंबईला जा," हैबती म्हणाला.

"चाळीतल्या एका खोलीत चौघं निजतात, त्यांच्यात मी कुठं निजू? आणि गेली तरी घर कुठं नेऊ? तात्यांनी तुला शेत दिलं, मला घर दिलं. मी कधी तुझ्या शेताकडं बघितलं नाय." तिचा आवाज कापला आणि त्याचा तिला राग आला. "दोन शब्दांचं काम हाय, दादा. माझ्या दारापर्यंत तरी शीव घाल. परस गेलं तर जाऊ दे, फणस गेला तर जाऊ दे. दार ऱ्हाऊ दे."

"सोमवारी गुप्तेसाहेब येनार हायत. त्यांची मोजणी हुंदे. मग बघतो."

त्याच्या मनात हिशेब सरळ होता. गुप्त्यांची मोजणी होईपर्यंत पूर्वेला पुरेसं झालेलं असावं. एकदा साहेबांनी पसंत म्हटलं, की शीव घालायला कोण नाही म्हणतंय? घर काय, दुसरं बांधता येतं.

बनुबाई गेल्यावर रखमा म्हणाली, "अवो, सख्खी भैन हाय ती."

"म्हनून तर सोमवारी घालतो म्हनलं," हैबती म्हणाला आणि जेवायला बसला.

५

रविवारी दुपारी त्याच्यानं राहवलं नाही. बनूचं काय चाललंय ते बघून यावं म्हणून तो निघाला. काळजीनं गेला की मोजायला गेला, हे त्याला विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

फणस नव्हता. तोडलेला नव्हता, बुंधा नव्हता, पाचोळा नव्हता. तो जिथं असायचा तिथं जमीन होती, तुळतुळीत. तुळशीवृंदावनाच्या जागीही जमीन होती. घर उभं होतं, पण उघड्यावर ठेवलेल्या पेटीसारखं, आजूबाजूला काहीच नसलेलं. पडवीच्या खांबांच्या बुडांना ओला चुना लागलेला होता.

"बने," त्यानं हाक मारली. घशात थरथर झाली, कानाला काही आलं नाही.

त्यानं पडवीत चढायला पाय उचलला आणि तो खाली आपटला, कारण चढायला काही उरलं नव्हतं. जोतं बाहेरच्या जमिनीला मिळालं होतं. दाराला उंबरठा नव्हता. तो दारातच थांबला आणि आत बघू लागला.

पुढची खोली रिकामी नव्हती. कणगी होती, उतरंड होती, खुंटीला बनूचं लुगडं होतं. पण जातं जिथं पुरलेलं असायचं तिथं जमीन सपाट होती. चुलीचे उंचवटे नव्हते. भुई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसारखी होती, आणि तिच्यावर जिथं शेणाच्या सारवणाच्या बोटांच्या रेघा होत्या तिथं आता सगळ्या रेघा एकाच दिशेनं निजल्या होत्या.

बनू माजघराच्या दारात उभी होती. तिनं भावाला पाहिलं आणि तिचं तोंड हललं. दादा, म्हणाली असावी. मग तिनं एक हात वर केला, लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून वर ओढून घे म्हणून करायची तसा. तिच्या आणि त्याच्यामध्ये एक खोली होती. चार पावलं टाकून तिचा हात धरायचा आणि बाहेर ओढायचं, एवढंच काम होतं.

तिच्या मागं माजघरात अंधार होता, आणि त्या अंधारात खाली, भुईलगत, काहीतरी पांढरं होतं. हैबतीला आधी वाटलं दगड आहे. मग ते थोडं पुढं आलं. सरकलं नाही, उचललं गेलं नाही. फक्त आधी तिथं होतं आणि आता इथं होतं, बनूच्या टाचेजवळ.

हैबतीनं पाऊल मागं घेतलं. मग दुसरं घेतलं. बनू त्याच्याकडं बघत होती, आणि तो काय करतोय हे तिला कळलेलं तिच्या तोंडावर दिसलं. तो वळला आणि पळत सुटला, जुन्या मैदानावर येऊन स्वतःच्या वहाणांचा फटफट आवाज ऐकू येईपर्यंत थांबला नाही.

घरी रखमानं विचारलं, "भेटली का?"

"निजली व्हती," हैबती म्हणाला.

६

सोमवारी गुप्ते आले तेव्हा पूर्वेला घर नव्हतं. कौलांचा एक तुकडा नव्हता. मैदान माळाच्या टोकापर्यंत गेलं होतं आणि टोकाला पांढरे दगड ओळीत बसले होते.

"घर मोडून बाई स्वखुशीनं गेल्या का?" गुप्त्यांनी विचारलं.

"मुंबईला गेली. ल्योकाकडं," हैबतीनं सांगितलं. मजूर खाली बघत होते.

गुप्त्यांनी साखळी टाकून मोजलं आणि ते खूश झाले. इतकी सपाट जमीन त्यांनी पाहिली नव्हती. "मुकादम, तुमचं शेत वाचलं," ते म्हणाले. हैबतीला हसू आलं, आणि ते आल्याची त्याला लाज वाटली, आणि तरी ते लगेच गेलं नाही.

त्याच आठवड्यात मैदान बघायला विमान आलं. सगळा गाव जमला. ते मैदानावरून खाली आलं, इतकं की चाकं दिसली, आणि एकदम वर उचललं. पुन्हा फिरून आलं, पुन्हा वर गेलं. तिसऱ्यांदा आलंच नाही, मुंबईकडं निघून गेलं.

गुप्ते दोन दिवसांनी मोटारीतून आले ते चिडूनच.

"मैदानात माणसं का सोडता? वैमानिक म्हणतो, पूर्वेच्या टोकाला एक बाई उभी होती. हात वर करून. दोन्ही वेळा तिथंच. ती हलेना म्हणून तो उतरला नाही."

"कुणी नव्हतं साहेब," कुशाबा म्हणाला. "आम्ही सगळी इथंच उभी व्हतो. मैदान मोकळं व्हतं."

"खालून मोकळं असेल. वरून दिसते ना ती. मुकादम, तिला हटवा. काय करायचं ते करा."

मोटार गेली. मग मजुरांनी अवजारं एका जागी आणून टाकली आणि ते हैबतीभोवती उभे राहिले. त्यांच्यात कुणी भांडत नव्हतं, त्यामुळं हैबतीला जास्त भीती वाटली.

"ओसरी दिली, हातपाय पसरले," कुशाबा म्हणाला. "आता तरी शीव घाल. नायतर आम्ही चाललो, आणि जाताना मुरारीला तार करून जाऊ."

७

सकाळी पुन्हा खांबाच्या बुडाशी नारळ ठेवला. मजूर पुन्हा मागं उभे राहिले, हात जोडून, माना खाली. ऊन लख्ख होतं. पश्चिमेला हैबतीचं घर दिसत होतं, आणि अंगणात रखमा सूप घेऊन बसलेली दिसत होती. पूर्वेला काहीच दिसत नव्हतं.

यावेळी हैबतीनं सगळं मनात घोकून ठेवलं होतं. आधी चूक कबूल करायची. मग बनूला सोड म्हणायचं. मग शीव, चारी दिशांची. त्याचं मन हलकं होतं. बोलायला अजून उशीर झालेला नाही असं त्याला खरोखर वाटत होतं. बनू तिथं उभी आहे, म्हणजे अजून आहे.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा."

"लेकराची चूक झाली."

"व्हय म्हाराजा."

त्यानं श्वास घेतला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. पण ते निघायच्या आत पूर्वेकडून आवाज आला. स्पष्ट होता, शांत होता, आणि त्याला लहानपणापासून ओळखीचा होता.

"पश्चिमेच्या अंगाला वाढ," बनू म्हणाली. "तुला हवं तेवढं घे."

गाऱ्हाण्यात मान वर करायची नसते. बोलणारा थांबला की होकार भरायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. हैबतीनं ओरडायला तोंड उघडलं, पण माना खाली घातलेल्या साऱ्या मजुरांनी, कुशाबासकट, एका सुरात म्हटलं:

"व्हय म्हाराजा."

मग कुशाबानं मान वर केली. एकेकानं केली. "कोण बोललं?" कुणीतरी विचारलं. कुशाबाचे हात अजून जोडलेले होते, आणि ते सोडावेत की नाही हे त्याला कळत नव्हतं.

हैबती शीव म्हणू लागला. इथपासून इथवर, पुढं नाय, पुढं नाय. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि एकाही मजुराला होकार भरायचं धैर्य झालं नाही. वर वारा नव्हता. बाही सैल पडली, खांबाला लोंबली, आणि मग दुसऱ्या बाजूला, हैबतीच्या घराकडं, हळूहळू फुगू लागली.

तो घराकडं पळाला. पश्चिमेच्या जुन्या कडेपर्यंत त्याच्या वहाणा फटफट वाजत होत्या. दगड नेहमीच्या जागी नव्हते. त्याच्या शेतात, दुसऱ्या बांधाच्या पलीकडं, ते ओळीत बसले होते आणि चुना उन्हात चकाकत होता.

रखमा अंगणात उठून उभी राहिली होती. नवरा पळत येताना पाहून तिनं सूप खाली टाकलं आणि हात वर करून त्याला हाक मारली. हैबतीनं कान दिला. तिचं तोंड हलत होतं.